पेन्सिलचा चौकोन

आई-बाप मागच्या सोफ्यावर आणि मूल टेबलासमोरच्या खुर्चीत. परकारचाचांच्या खोलीतली बसण्याची ही व्यवस्था प्रिन्सिपलबाईंनाही बदलता आली नसती. एखादे इंजिनियर साहेब सवयीने खुर्ची ओढायला गेले की चाचा चष्म्यावरून बघत आणि विचारत, "साहेब, शाळेत तुमी जाणार, का पोरगी जाणार?" साहेब निमूट सोफ्यावर जात. तो सोफा इतका खोल होता, की त्यात बसल्यावर कुणाचाच रुबाब उरत नसे. मी स्वतः त्यात बसलेली आहे, म्हणून सांगते.

बहारीनमधली आमची शाळा अमेरिकी पद्धतीची होती. म्हणजे शिकवणारे आम्ही, पुण्याचे, केरळचे, थोडे लेबनॉनचे, शिकणारी निम्मी मुलं भारतीय, आणि पद्धत तेवढी अमेरिकेची. वर्षभराच्या विषयाला एक क्रेडिट, अर्ध्या वर्षाच्या विषयाला अर्धं. नववी ते बारावीत अशी चोवीस क्रेडिट्स जमवायची, आणि तीही ठरल्याप्रमाणे: इंग्रजीची चार, गणिताची तीन, अरबीची एवढी, चित्रकला-संगीताचं एक, पीटीचं अर्धं. त्यातलं अर्धं जरी कमी पडलं, तरी ग्रॅज्युएशनचं सर्टिफिकेट नाही. भारतातून आलेल्या पालकांना हे काही केल्या पटत नसे. पोराला गणितात पंच्याण्णव पडल्यावर उड्या मारायच्या तासावाचून त्याचं काय अडणार आहे, असं त्यांचं म्हणणं. ब्याण्णव साली मी गणित शिकवायला या शाळेत लागले, तेव्हा माझंही तेच होतं.

चाचांचं अधिकृत पद ऑफिस क्लार्क. पण सहावीपासून बारावीपर्यंत कुणी कोणत्या वर्षी काय घ्यायचं, हे सगळं त्यांच्याकडे. दर मुलाला आलेखाचा एक कागद. डावीकडे सहावी, उजवीकडे बारावी, आणि प्रत्येक विषयाला एक चौकोन. तो कागद ते बारावीकडून भरत यायचे. ही खोड त्यांना बंदरावरून लागलेली. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातून ते तरुणपणी इथे आले आणि बारा वर्षं बंदरावर टॅली क्लार्क होते, म्हणजे जहाजात चढणाऱ्या-उतरणाऱ्या मालाची मोजदाद ठेवणारे. "जो माल शेवटच्या बंदरात उतरायचाय, तो पयला भरायचा, बाई," ते मला म्हणाले होते. "मंग मदी काय बी भरा. लोकं उलटं करतात. हाताला लागंल ता आदी भरतात, आनि शेवटच्या बंदरात अख्खा माल उपसायला लागतो." म्हणून त्यांचा मुलाला पहिला प्रश्न ठरलेला असे: बारावी झाल्यावर कुठे उतरायचं? मुलाला बारावीत कॅल्क्युलस हवं असेल तर त्यामागे अकरावीत काय, दहावीत काय, असं करत ते आठवीच्या अल्जिब्रावर येत आणि बोट आपटून म्हणत, "हा इथं. हा चुकला तर जहाज चुकला."

मी गणिताची एम.एस्सी. मुलांच्या गणिताच्या वर्षांची साखळी अशी सलग मला कुणी दाखवली नव्हती. कबूल करायला आता लाज वाटत नाही, तेव्हा वाटली होती.

त्यांचं दुसरं शास्त्र पेन्सिल आणि पेनचं. जे व्हायचंय ते पेन्सिलने, जे झालं ते पेनने. वर्ष संपलं, मार्क आले, की चाचा शर्टाच्या खिशातलं निळं शाईपेन काढत आणि पेन्सिलचा चौकोन जपून गिरवत. "पेन्सिल म्हंजे इंशाल्ला," ते म्हणत, "आनि पेन म्हंजे खलास." खोडरबर ब्लेडने अर्धं कापून ठेवलेलं असे. पूर्ण खोडरबर हाताशी असलं की माणूस फार बदलतो, असं त्यांचं मत होतं.

माझी मुलगी अदिती सहावीत गेली, तेव्हा तिचा कागद करायला मी स्वतःचाच एक तक्ता घेऊन गेले. सायन्स, गणित, कॉम्प्युटर, पुन्हा सायन्स. चाचांनी तक्ता आदराने घेतला, घडी घातली आणि पेपरवेटखाली ठेवला. मग अदितीला विचारलं, "काय आवडतं तुला, बाय?"

"I like to sing," अदिती म्हणाली. इथली आमची मुलं अशीच. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीतून.

"मंग गायाचा तास सातवीत टाकू. बारावीला घेतलास तर आई गायाला देईल काय? मार्कांच्या मागं लागंल."

मी सोफ्याच्या तळातून काहीतरी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, कारण कुणी ऐकलं नाही. अदिती सातवीत गायली आणि जग बुडालं नाही.

नईम भागात त्यांच्याच गावच्या एकाचं कापडाचं दुकान होतं. त्याला दहावीनंतर पोराला दुकानात बसवायचं होतं. चाचा वाद घालत बसले नाहीत. अकरावी-बारावीचे रिकामे रकाने त्याच्यापुढे ठेवून पेन्सिल त्याच्याच हातात दिली. "दुकानाला काय काय येयाला पायजे, ता लिव." तो बिचारा लिहीत गेला: अरबी नीट यायला हवी, इंग्रजी पत्रं, टायपिंग, माल मागवायचे कायदे. सहा चौकोन भरले. चाचांनी कागद फिरवून बघितला आणि म्हणाले, "अरे, हा तर सगला आपन इथंच शिकवतो!" दुकानदार हसला आणि फसला. पोरगा बारावी करूनच दुकानात गेला.

अशा माणसाची एकच गोष्ट मला आतून टोचायची. शाळेतल्या चारशे मुलांनी नववीत काय घेतलं ते त्यांना तोंडपाठ, पण स्वतःच्या मुलीने, हमीदाने, गावच्या शाळेत नववीत काय केलं हे त्यांना पत्रातून कळलेलं. क्लार्कच्या पगारात फॅमिली व्हिसा बसत नव्हता. गावच्या शाळेत विषय निवडायचा प्रश्नच नाही, सगळ्यांना तेच. तरी त्यांनी हमीदाचाही कागद केला होता. कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला. पत्र येईल तसा एकेक चौकोन ते पेनने भरत. मी एकदाच बघितला. बघून मी घाईने फायली मागितल्या.

आता मृणालकडे येते.

मृणाल सबनीस हूरा भागात राहायची. वडील इंजिनियर, एकुलती एक, हुशार. सबनीसांना तिला इंजिनियर करायचं होतं आणि त्यासाठी दर तास सोन्याचा वाटायचा. नववीत त्यांनी एका ओळखीच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट आणलं: मुलीचे गुडघे दुखतात, पीटी नको. त्या तासाला जादा गणित. दहावीतही तेच सर्टिफिकेट, नव्या तारखेचं. गुडघे दुखणारी ही मुलगी मधल्या सुट्टीत जिने दोन-दोन पायऱ्या गाळत उतरायची. चाचा फक्त पीटीचा चौकोन पेन्सिलने एक घर पुढे सरकवायचे.

अकरावीच्या आधी मृणाल एकटीच त्यांच्याकडे आली. मी तेव्हा तिथे गणिताच्या याद्या जुळवत होते. ती खुर्चीत बसली, आणि चाचांनी नेहमीचं विचारलं, कुठे उतरायचं?

"Architecture," ती म्हणाली. मग, "But Baba doesn't know." आणि रडायला लागली. आर्किटेक्चरच्या कॉलेजला ड्रॉइंगचा विषय लागत होता आणि तिच्या कागदावर बोट ठेवायला जागा नव्हती.

चाचांनी तिला रडू दिलं. मग कागद पुढे ओढला. अकरावीच्या पीटीच्या चौकोनात त्यांनी 'टेक्निकल ड्रॉइंग' लिहिलं आणि पीटी आणखी एक घर पुढे, बारावीत ढकललं. सबनीस सर्टिफिकेट घेऊन आले, तेव्हा टेक्निकल ड्रॉइंग हे नाव वाचून खूश झाले. इंजिनियरला त्याहून गोड काय वाटणार?

"चाचा, हे बरोबर आहे का?" मी नंतर विचारलं.

"बापाचंच सर्टिफिकेट हाय," ते म्हणाले. "खोटा हाय, पन एकदा तरी पोरीच्या कामाला येऊदे. पीटी बारावीत करून घेतो. मी हाय ना."

पण ते नव्हते. मृणाल बारावीत गेली त्या सप्टेंबरात हमीदाचं लग्न ठरलं आणि चाचा सहा वर्षांनी लांब रजेवर गेले. त्याच सुमारास ऑफिसात कॉम्प्युटर आला होता. बदली आलेल्या क्लार्कने सगळे कागद त्यात उतरवले. त्याला सांगितलं होतं, की पेनचं ते पक्कं. त्याने इमानदारीने पेनचं तेवढं उतरवलं आणि बारावीचे तास नव्या टाइमटेबलावरून बसवले. मृणालच्या पीटीच्या तासाला त्याला जागा मोकळी दिसली आणि तिथे फिजिक्सचं प्रॅक्टिकल बसलं. चाचा परतले ते लाडू वाटत, लेकीच्या आठवणीत अजून अर्धे गावातच. कॉम्प्युटरचा छापील तक्ता बघून त्यांनी तो आपल्या कागदाशी ताडून बघितला नाही. असं ते आयुष्यात पहिल्यांदा वागले होते.

मार्चच्या सुरुवातीला ग्रॅज्युएशनची यादी करायला त्यांनी जुने कागद काढले. मी स्टाफरूममध्ये होते. ते दारात आले, आत आले नाहीत.

"बाई, मृणालचं अर्धं क्रेडिट नाय."

वडिलांना नकळत केलेल्या अर्जावर मुंबईच्या एका कॉलेजात तिला आर्किटेक्चरला प्रवेश कबूल झाला होता, सर्टिफिकेट आणण्याच्या अटीवर. ते नसेल तर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं, तर सबनीस तिला इंजिनियरिंगलाच घालणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

प्रिन्सिपलबाई लेबनॉनच्या. मनाने मऊ, नियमाला दगड. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीत सबनीस आले ते तणतणतच. मृणालची क्लास टीचर म्हणून मीही होते. सबनीस म्हणाले, मुलगी आजारी, तिला पीटी माफ आहे, सर्टिफिकेटं फायलीत आहेत. बाई शांतपणे म्हणाल्या, तासाला गैरहजर राहायची माफी असते, क्रेडिटची नसते. क्रेडिट माफ करायचं तर सलमानियाच्या सरकारी हॉस्पिटलात तिचे गुडघे तपासून घ्या आणि तसा कागद आणा, मी आजच सही करते.

मृणाल खाली बघत होती. त्या गुडघ्यांत काय होतं, ते खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

मग सबनीसांचा आवाज चढला. क्लार्कची चूक, कॉम्प्युटरची चूक, शाळेची चूक. चाचा इतका वेळ भिंतीशी उभे होते. ते पुढे आले आणि त्यांनी टेबलावर एक पत्र ठेवलं. इंग्रजी त्यांचं बंदरावरचं होतं, पण स्वच्छ. "Mistake is mine, Madam. Not computer. Not relief man. I kept it in pencil and I went." पत्रात तेच होतं, आणि खाली एक ओळ: जूनमध्ये माझं कॉन्ट्रॅक्ट संपतं, ते या वर्षी पुढे वाढवू नये. कॉन्ट्रॅक्ट गेलं की व्हिसा गेला. त्यांनी स्वतःलाच पेनने खलास लिहिलं होतं. मला इतका राग आला की मी सगळ्यांसमोर मराठीत म्हणाले, "चाचा, शहाणपणा करू नका!" त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

"And one more thing, Madam," ते म्हणाले आणि नियमांचं पुस्तक उघडलं. पान आधीच दुमडलेलं होतं. अर्धं क्रेडिट म्हणजे शाळेच्या आवारात, शाळेच्या स्टाफच्या देखरेखीखाली साठ तास व्यायाम. तासिकेतच व्हायला हवा असं कुठे लिहिलेलं नव्हतं. पीटीच्याच मास्तरांनी घ्यायला हवा असंही नव्हतं. "I am staff," चाचा म्हणाले. "Till June."

बाईंनी ते पान दोनदा वाचलं. पुस्तक मिटलं. "पण साठ म्हणजे साठ," त्या इंग्रजीतून म्हणाल्या. "एकोणसाठ नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरची नमाज आटोपून चाचा मैदानावर हजर. कॅनव्हासचे पांढरे बूट, ऑफिसची पॅन्ट, डोक्यावर टोपी. मृणाल आली, आणि शाळा भरायच्या आधी तासभर दोघं मैदानाला फेऱ्या मारायला लागली. देखरेख म्हणजे सावलीत खुर्ची टाकून बसणं, असं दुसऱ्या कुणीही ठरवलं असतं. चाचा बरोबर चालायचे. खरी गंमत तर पुढेच होती. दुखणारे गुडघे होते ते चाचांचे. खाटेवरून उठताना दोनदा अल्ला म्हणायला लागतं, असं ते सांगत. मृणाल त्यांच्या तीन फेऱ्यांत पाच मारायची आणि दर वेळी त्यांना ओलांडताना म्हणायची, "Chacha, please sit!" चाचा म्हणायचे, "यल्ला, यल्ला, पुडं बग."

हातात एक छोटी वही. फेरी झाली की त्यात एक उभी रेघ, चार झाल्या की पाचवी आडवी, बंदरावरच्या टॅलीसारखी. एका सकाळी धुळीचं वादळ आलं आणि चाळीस मिनिटांतच परतावं लागलं. मी म्हटलं, लिहा की तास, कोण बघतंय? ते नुसते हसले. वीस मिनिटं त्यांनी गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, भरून घेतली.

सबनीस तिला सोडायला यायचे आणि एसी लावून गाडीतच पेपर वाचत बसायचे. पहिले दोन आठवडे काच वर. मग काच खाली. एप्रिलमध्ये ते बाहेर उभे राहायला लागले, गाडीला टेकून, एखादं लहान मूल खेळात न घेतल्यावर उभं राहतं तसे. एक दिवस चाचा त्यांच्यासमोर थांबले आणि म्हणाले, "साहेब, पोट तुमचा, आनि चालते ती?" दुसऱ्या दिवशी सबनीस बूट घालून आले. तीन फेऱ्यांत त्यांचा दम उखडला. चौथ्या फेरीत कधीतरी मृणालने त्यांना आर्किटेक्चरचं सांगितलं. ते चिडले असते, पण चिडायला श्वास लागतो. हे मला तिनेच सांगितलं, नंतर, हसत.

तरी ते काही लगेच वितळले नाहीत. आठवडाभर ते मैदानावर आले नाहीत, आईने सोडलं. नंतर पुन्हा आले. चाचा फेरी संपल्यावर तिचं ड्रॉइंगचं पुस्तक त्यांच्या हातात देऊन म्हणाले, "जरा धरा, साहेब, पोरगी धावते." साहेबांनी धरलं. मग उघडलं. दोन फेऱ्या होईपर्यंत ते पानं उलटत तिथेच उभे होते.

साठावा तास जूनच्या पहिल्या आठवड्यात, बुधवारी संपला. उन्हाने सकाळीच डोळे दिपत होते. चाचांनी वही बाईंच्या टेबलावर ठेवली. बाईंनी सगळ्या रेघा मोजल्या नाहीत, पण मोजल्याचं दाखवलं आणि सही केली. चाचा आपल्या खोलीत आले, मृणालचा कागद पुढे घेतला, निळं पेन काढलं आणि तीन वर्षं सरकत आलेला तो चौकोन गिरवला. एक रेघ जाड झाली. बाईंनी त्यांना ते पत्र परत देऊ केलं होतं. त्यांनी घेतलं नाही. पेनचं ते पक्कं.

समारंभात ते सभागृहात बसले नाहीत. बाजूच्या दारापाशी यादी घेऊन उभे राहिले, दर वर्षीसारखे, आणि मंचावरून एकेक मूल सर्टिफिकेट घेऊन उतरलं की त्याच्या नावापुढे खूण करत गेले. मृणालचं नाव पुकारलं तेव्हा सबनीस उभे राहून टाळ्या वाजवत होते. चाचांनी खूण केली आणि लगेच पुढच्या नावाकडे बघितलं. मला हुंदका आला. मी तो खोकल्यावर घालवला.

त्यानंतरच्या शनिवारी चाचांचं संध्याकाळचं विमान होतं. पेपर तपासायचे राहिले होते, म्हणून मी सकाळी लवकर शाळेत गेले. मुलांना सुट्टी लागलेली, फाटक अर्धवट उघडं, बाहेर सबनीसांची गाडी. मला वाटलं, काही कागद राहिला असेल.

मैदानावर ती दोघं चालत होती. चाचांच्या पायात तेच पांढरे बूट, प्रवासासाठी इस्त्री केलेला शर्ट. मृणाल या वेळी पुढे पळत नव्हती. त्यांच्या गुडघ्यांच्या वेगाने चालत होती, एक हात त्यांच्या कोपराखाली. चाचांचे दोन्ही हात रिकामे होते. वही कुठे दिसली नाही.

मी कुंपणाजवळ पोचले तेव्हा ती वळणावर आली होती. मला मृणालचा आवाज ऐकू आला, इंग्रजीतला नव्हे. अडखळत, शब्द शोधत ती म्हणाली, "चाचा, किती झाल्या?"

"आता मोजत नाय, बाय," चाचा म्हणाले. "चल."